शेंबी नसलेला बैल

भातकुलीच्या पार्बताबाईच्या मळ्यात लाख्या नावाचा बैल होता. भाजीची गाडी अमरावतीला तोच ओढायचा आणि पार्बताबाईच्या हातून मुळ्याचा पाला खायचा. १९५७ च्या पोळ्याला तिचा दीर भगवंत याने हौसेने शिंगांसाठी पितळी टोप्या, म्हणजे शेंब्या, आणल्या. घट्ट बसावी म्हणून उजवं शिंग रक्त दिसेपर्यंत तासलं आणि वर शेंबी ठोकली. सगळ्या गावाने बैलाचं कौतुक केलं.

शेंबीखाली शिंग सडत गेलं. कोणाला दिसलं नाही. दिसला तो बदललेला लाख्या. भिंतीकडे तोंड करून उभा राही. पाला हुंगेना. एकदा त्याने पार्बताबाईवरच शिंग उगारलं. उन्हाळ्यात तिचा हात शिंगाच्या बुडाशी लागला, तर ते चांगलंच तापलेलं! गुरांचे डॉक्टर वामनराव यांनी सडकं शिंग कापलं. जखम भरली. लाख्या मात्र तसाच.

"आता तं दुखत नाई त्याले," भगवंत म्हणाला. "माज आहे हा. पोळा झाला का बाजार दाखवतो."

वामनराव म्हणाले, "दुखणं महिनोन्‌महिने राहिलं की मेंदूतले रस बदलतात. भूक, माया, भीती त्यांच्यावरच चालते. जखम आधी भरते, मन मागून येतं."

"कवा येते मंग?" भगवंत हसला.

"भावजी, दाढ दुखली तवा तुमी भरलं ताट फेकलं होतं," पार्बताबाई कडाडली. "तुमाले कोनं बाजारात नेलं? लाख्या गेला तं मीबी जाईन. भाजी तुमीच विका!"

ती रोज गोठ्यात पाला धरून बसू लागली. पोळ्याच्या आदल्या दिवशी बैलांचे खांदे हळद-तुपाने शेकतात. त्या संध्याकाळी लाख्याने मान लांबवली आणि एक पान ओढलं. तिने हळूच खांद्यावर हात ठेवला. कातडी थरथरली, पण तो हलला नाही.

पोळ्याला गावच्या तोरणाखाली बैल पुरुषच नेत. दुसऱ्या दिवशी पार्बताबाईने स्वतः कासरा धरला.

"वयनी, एका शिंगाचा बैल! शेंबी तरी घाला," कोणीतरी ओरडलं.

"शेंबी तुह्या बोटात ठोकते. मंग पाहू किती हासतं!"

लाख्या मान खाली घालून चालत राहिला. भगवंत बैलाच्या दुसऱ्या बाजूला आला.

"बाजाराचं काय, भावजी?"

"मुळ्याचा पाला आहे का घरी?" त्याने विचारलं. "का मी आनू?"