नऊ ठिपक्यांचा डाव

मी एक जुना खेळ आहे. मला पट नाही, सोंगट्या नाहीत, रंगही नाहीत. काळ्या पडद्यावर तीन ओळींत नऊ पांढरे ठिपके, एवढंच माझं अंग. सोलापूरच्या पूर्व भागातल्या एका घरात, वडिलांनी बाजूला ठेवलेल्या लॅपटॉपवर, सातवीतल्या उत्कर्षानं मला लिहिलं.

मित्रांनो, वहीच्या मागच्या पानावर तुम्ही फुल्ली-गोळा खेळता ना? तोच मी. फक्त पेनाऐवजी दोन आकडे टाइप करायचे. मी विचारायचो, 'कुठे?' पहिला आकडा आडव्या ओळीचा, दुसरा उभ्या ओळीचा.

सुरुवातीला माझ्यात एक खोड होती. भरलेल्या घरावर दुसऱ्यानं खूण केली तरी मी गप्प. उत्कर्षाची मैत्रीण समरा त्या जोरावर सलग चार डाव जिंकली. "तुझा खेळ लई भोळा आहे गं," ती हसत म्हणाली. उत्कर्षानं त्याच दिवशी मला 'हे घर भरलंय' म्हणायला शिकवलं. शाळेत बाईंनी वर्गासमोर माझं कौतुक केलं.

मग ताता खेळायला बसले. ताता म्हणजे उत्कर्षाचे आजोबा, नरसय्या. चादरीच्या कारखान्यात तीस वर्षं त्यांनी चौकटीच्या कागदावर नक्षी उतरवली होती. आता नातीला शाळेत सोडणं, आणणं, हे त्यांचं काम. पण त्या महिन्यात दोनदा त्यांच्या हातून गॅस चालू राहिला होता. तेव्हापासून उत्कर्षाची आई त्यांच्यावर नजर ठेवून असे. यांना विसर पडायला लागला असेल, तर त्या गर्दीच्या रस्त्यावर लेकीचा हात यांच्या हातात कसा द्यायचा?

तातांच्या काही खेळ्या बरोबर पडत, काही भलतीकडेच. मधलं घर अचूक. पण वरचा उजवा कोपरा हवा असला की फुल्ली जाई खाली डावीकडे. आई मागे उभी राहून कॅलेंडरच्या पाठीवर एकेक चूक टिपून घेई. सासऱ्यांना ती मामा म्हणे. सहा झाल्या तेव्हा म्हणाली, "मामा, उद्यापासून शाळेत मीच सोडीन तिला."

उत्कर्षानं मात्र विचारलं, "ताता, तुम्हाला टाकायची कुठं होती?"

त्यांनी वरच्या उजव्या कोपऱ्यावर बोट ठेवलं. "हितं."

"मग तीन-एक का लिहिलंत?"

"तिसरी उभी, पहिली आडवी. उभा धागा मागावर आधी चढतो, आडवा मागनं येतो. तुमच्या शाळेत उलटं विणतात की काय?"

आईनं कॅलेंडर उलटं केलं. सहाच्या सहा चुका आकडे फिरवून वाचल्या. सगळ्या बरोबर निघाल्या. मधलं घर दोन-दोन. ते कसंही मोजलं तरी तेच.

"मामा," ती म्हणाली, "उद्या तुम्हीच सोडा."

"सोडतो की. रस्ता उभा धरू का आडवा, तेवढं लिहून दे."

आई हसली. तरी दुसऱ्या दिवशी आजोबा-नात कोपऱ्यावरून वळेपर्यंत ती गॅलरीत उभी होती. गॅसची काळजी तिला अजून आहे, आणि ती खोटी नाही.

उत्कर्षा आता नववीत आहे. तिचे नवे खेळ रंगीत आहेत. मला फारसं कुणी उघडत नाही. त्याचं मला वाईट वाटत नाही. खेळ जुने व्हायचेच.

पण मित्रांनो, एक सांगतो. त्या सहा चुका तातांच्या नव्हत्या, माझ्या होत्या. आधी कोणती ओळ सांगायची, हे मी त्यांना कधी विचारलंच नव्हतं. तुमच्या घरातलं म्हातारं माणूस चुकतंय असं वाटलं, तर चुका टिपायच्या आधी त्याच्याजवळ बसा. ते कुठून मोजतंय, ते विचारा. 'आधी उभी की आडवी?' हे विचारायची दुरुस्ती माझ्यात दोन ओळींत झाली. त्या लिहायला उत्कर्षाला पाच मिनिटंही लागली नाहीत.