सूनबाईचं भानोलं

"खबरदार झाकण उचललंस तर!" आईंनी माझ्या हातावर चापट मारली.

आई म्हणजे माझ्या सासूबाई, सरोजिनीबाई. माझ्या लग्नाला दोन महिने झाले होते, पण ठाकूरद्वारच्या त्या घरात शेगडीपाशी मला अजून कोणी उभं करत नव्हतं. बरंच होतं म्हणा. मला चहासुद्धा धड जमत नसे.

शेगडीवर भानोलं होतं. आम्हां परभू लोकांचा त्यात जीव. कोबी, कोळंबी, बेसन, अंडी, वाटण असं सगळं कालवून पातेल्यात थापायचं, खाली निखारे, झाकणावर निखारे, आणि तेल ओतायचं ते हात आखडता न घेता. आईंचं भानोलं खायला नातेवाईक वडाळ्याहून येत. त्या दिवशी मात्र त्यात कोळंबी नव्हती आणि तेल होतं एक चमचा.

पलीकडच्या खोलीत बाबा, माझे सासरे, कावीळ होऊन पडले होते. डॉक्टरांनी तेल आणि मासळी बंद केली, तर बाबांनी रुसून जेवणच बंद केलं. पेज पुढे आली की भिंतीकडे तोंड. "तीस वर्षं जेवायला घातलंस, आता पाणी पाजतेस होय?" असं वर आईंनाच ऐकवायचे. मला असा संताप यायचा! डोळे हळदीसारखे पिवळे झालेत, उठून बसवत नाही, पण नखरे काही सुटत नाहीत.

तो चौथा दिवस. सकाळी तळमजल्यावरचे डॉक्टर वर येऊन सांगून गेले, "संध्याकाळपर्यंत पोटात काही गेलं नाही, तर माझ्या हातात काही राहणार नाही. हॉस्पिटलात न्या."

न्या म्हणे! सन छप्पनचा जानेवारी. मुंबई महाराष्ट्राला द्यायला दिल्लीने नाही म्हटल्यावर शहर पेटलं होतं. गिरगावात गोळ्या चालल्या होत्या, बाहेर कर्फ्यू होता आणि माझा नवरा मनमोहन दादरला अडकलेला. आम्ही दोघी बायका बाबांना नेणार कशा?

दुपारी बाबाच पुटपुटले, "भानोलं असेल तर खाईन."

आई तशाच उठल्या. कोबी दुप्पट घेतला, बेसन निम्मं केलं, अंड्यांचं फक्त पांढरं घेऊन हात भरून येईस्तोवर फेसलं. घरातले शेवटचे कोळसे शेगडीत गेले. कच्चं राहिलं तर दुसऱ्यांदा करायची सोय नव्हती.

"झालं असेल का हो, आई?"

"मला काय कळतंय, कपाळ! कडेने तेल चुरचुरलं की झालं, एवढंच मला ठाऊक. आज तेलच नाही, तर चुरचुरणार काय?"

त्या झाकणाजवळ कान नेऊन बसल्या. खालून पोलिसांची गाडी गेली तेव्हा त्यांनी माझं मनगट घट्ट धरलं. बाबांच्या खोलीतून कण्हल्याचा आवाज आला, पण त्या हलल्या नाहीत. मग बेसन भाजल्याचा वास आला.

"उचल."

सुरी घातली, ती स्वच्छ निघाली. भानोलं शिजलं होतं, पण फिकं, कोरडं दिसत होतं. आईंनी कोपरा मोडून तोंडात टाकला आणि त्यांचा चेहराच पडला.

"माझं म्हणून दिलं तर दुसरा घास घ्यायचे नाहीत. नलू, हे तू केलंस."

"मी? अहो, बाबांचा विश्वास बसेल का?"

"हे खाल्ल्यावर बसेल. नव्या सुनेचा पहिला पदार्थ ते टाकायचे नाहीत. जा."

मी ताटली घेऊन गेले. आई दाराआड उभ्या राहिल्या.

"बाबा, मी केलंय. पहिल्यांदाच."

बाबांनी माझ्याकडे पाहिलं, उशीला टेकून कसेबसे बसले आणि घास घेतला. किती वेळ चावत होते! शेवटी गिळला.

"तेल कमी झालं, सूनबाई."

"हो बाबा. शिकेन."

त्यांनी दुसरा घास घेतला. मग तिसरा. ताटली रिकामी झाली तेव्हा मला रडूच फुटायचं बाकी होतं.

"अगं, ऐकलंस का?" बाबांनी दाराकडे बघून हाक मारली. आई आत आल्या. "पोरीने पहिल्या फटक्यात केलं बघ. किती हलकं! नाहीतर तू. चार दिवस ती पेज घेऊन माझ्या मागे. शीक जरा हिच्याकडून. उद्यापासून माझं जेवण हिलाच करू दे."

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. "बाबा, हे..."

आईंनी माझ्या दंडाला असा चिमटा काढला की पुढचे शब्द तोंडातच राहिले. तीस वर्षं ज्या हाताची तारीफ लांबलांबहून आलेल्यांनी केली, त्याच हाताने त्यांनी बाबांच्या हनुवटीला चिकटलेला कण पुसला. डोळे भरले होते, पण आवाज अगदी नेहमीचा.

"बरं. हिलाच सांगते," त्या म्हणाल्या. "सूनबाईने केलंय तर आणखी एक वडी वाढू?"