ताईसाठी पस्तीसची लेन्स

"अजून थोड्या मागे सरका," दुकानदार म्हणाला, तशी धाकटीची पाठ कपाटाला टेकली. डोळ्याला लावलेला कॅमेरा तिनं खाली घेतला.

"आमच्या खोलीत एवढंसुद्धा मागे जाता यायचं नाही हो. लगेच पलंग लागतो."

रुग्णालयाच्या चादरी धुण्यात तिची सारी नोकरी सरली. निवृत्तीच्या दिवशी सोबतिणींनी मिळून हा साधा कॅमेरा दिला. पण त्याच्यासोबत आलेल्या लेन्सला घरातल्या उजेडात फ्लॅश लागायचा आणि फ्लॅश ताईला सोसत नसे. ताईच्या अर्ध्या चेहऱ्यावरून वारं गेलं, तेव्हापासून तिचा एक डोळा पुरता मिटत नव्हता. फोटोची वेळ आली की तिला नेमकं आत काम निघायचं. आरसाही तिनं तेव्हाच भिंतीवरून काढून आत ठेवला होता. आईमागे कपडे शिवून धाकटीला वाढवलं तिनं, आणि घरात तिचाच अलीकडचा फोटो नव्हता.

दुकानदारानं समजावलं, झूम नसलेली लेन्स कमी उजेडात भागवून नेते; जवळ-लांब मात्र आपल्या पायांनी व्हायचं. चेहऱ्यासाठी लोक पन्नास मिलिमीटरची नेतात, आत्ता लावून पाहिली तीच; पण मागे सरायला जागा नसलेल्या लहान खोलीला पस्तीसची बरी.

"फक्त अगदी जवळ जावं लागेल. चालेल ना तुमच्या ताईंना?"

धाकटीनं पिशवीतून पैसे काढले. पस्तीसची घेतली.

घरी ताई खिडकीशी मशीनवर कॉलर जोडत होती. तुझा फोटो काढू का, असं धाकटीनं सरळ विचारलं. या वयात कसले फोटो, असं म्हणून ताईनं उडवून लावलं. धाकटी पलंगावर बसून नवी लेन्स कॅमेऱ्याला लावू लागली. मान वर न करता ताई म्हणाली, "लख्खकन उजेड नाही ना पडणार?"

"नाही."

"मग काढ. कधी काढतेस ते सांगू नकोस."

धाकटी एकेक पाऊल पुढे गेली. इतक्या जवळून तिनं ताईकडे कित्येक वर्षांत पाहिलं नव्हतं. ताईला वाईट वाटू नये म्हणून तीही नजर चुकवतच आली होती. तिनं बटण दाबलं.

ताईनं कॅमेरा हातात घेतला आणि पडद्यावरचा फोटो ती पाहत राहिली.

"म्हातारी झाले की गं मी," ताई म्हणाली. "आणि तू बोलली नाहीस."

कापड बाजूला सारून ती उठली. "थांब, केस विंचरून येते."

धाकटी तशीच उभी राहिली. आतून कपाटाचे खण उघडल्या-मिटल्याचे आवाज येत होते. ताई आरसा शोधत होती.