पाण्याकडची खोली

धरणाकाठच्या त्या वाडीत राहायचं कुठं, हे आपण ठरवतो असं पाहुण्यांना वाटतं. खरं तर ते फाट्यावरचा नथू चहावाला ठरवतो. बुकिंग न करता आलेली गाडी त्याच्याकडे थांबते आणि ज्या घराचा नंबर असेल तिकडे तो तिला पाठवतो. खोली पसंत पडली नाही तर गाडी पुढच्या घरी. दुसऱ्याच्या खोलीला नावं ठेवायची नाहीत, हा एकच नियम. देवळात नारळ हातात घेऊन सगळ्यांनी तो कबूल केला होता. नारळाला काय, त्याने ऐकून घेतलं.

त्या शनिवारी शुभांगीचा नंबर पहिल्यांदाच लागला. तिच्याकडे देण्यासारखी एकच खोली, पण उतारावर अशी बसलेली की खिडकी उघडली की समोर पाणीच पाणी. ती खोली तिच्या ज्ञानदाची. नऊ वर्षांची पोर, मागच्या मे महिन्यात त्याच पाण्यात बुडाली. तेव्हापासून खोलीला कुलूप होतं. पण नवऱ्याची, कैलासची, कंपनीतली नोकरी गेली, सहा महिने तो ओट्यावर नुसता बसून राहिला, आणि शेवटी शुभांगीने भिंतीवरची पोरीची चित्रं स्वतःच्या हाताने चुना मारून झाकली. हे पहिले पाहुणे परत गेले असते तर घरात पुढे काय शिजवायचं, हे तिला ठाऊक नव्हतं.

गाडीतून हिंजवडीचे चौघं उतरले. त्यांच्यातला कौस्तुभ नावाचा पोरगा खिडकीशी जाऊन म्हणाला, "समुद्रच वाटतो राव!" तरीपण शेजारचं घर बघून येतो म्हणून सगळे निघाले.

शेजारचं घर धाकट्या जावेचं, गौतमीचं. चार खोल्या, एसी, चकचकीत फरशी. पण एकाही खिडकीतून पाणी दिसत नाही, कारण मध्ये शुभांगीचं घर. हे तिचं जुनं दुखणं.

कुंपणाअलीकडे शुभांगीला सगळं ऐकू येत होतं.

"ताईंची खोली चांगलीच हाय हो," गौतमी म्हणाली, "पन त्यांची पोरगी बुडाली ना. त्या खोलीत वली पावलं उमटत्यात. आमी तर पाऊल ठेवत न्हाई तितं. लेकराबाळांची मानसं आमी."

ज्ञानदा पाण्यावरून आली की ओल्या पायांनी घरभर फिरायची आणि आईचा धपाटा खायची. गौतमीने ते शंभरदा पाहिलं होतं. तिची ईश्वरी ज्ञानदाच्याच वयाची, दोघी सदा बरोबर. पोरीची तीच आठवण उचलून या बाईने तिचं भूत केलं. शुभांगीच्या अंगाची लाही लाही झाली.

चौघं परत आले ते डोळे चमकवत. "काकू, ओल्या पावलांची खोली हीच ना?"

"कसली पावलं?" शुभांगी म्हणाली. "आमाला मुलगीच न्हवती."

चौघांची तोंडं पडली. "मग एसीवालीच घेऊ," कौस्तुभ म्हणाला आणि ते वळले. ओट्यावर कैलासने मान खाली घातली. शुभांगीने त्याच्याकडे पाहिलं, जाणाऱ्यांच्या पाठींकडे पाहिलं.

"थांबा," ती म्हणाली. "हीच ती खोली. पोरगी माजीच."

"आणि पावलं?"

"उमटत्यात."

त्यांनी खोली घेतली. मोबाइलवर तिचा व्हिडिओ टाकला, आणि महिन्याभरात लोक फाट्यावर नाव घेऊन विचारू लागले. नथूचा नंबर गेला खड्ड्यात. पावलं बघायला आलेल्यांना पावलं दिसायला हवीत, म्हणून शुभांगीने तीही दाखवली. गौरी घरात येतात तेव्हा बायका मूठ वळून, कडेने टेकवून, वर बोटांची टोकं लावून उंबऱ्यापासून पावलं उठवतात. तशीच ओली मूठ टेकवत ती दारापासून खिडकीपर्यंत जायची. पावलं बरोब्बर ज्ञानदाच्या मापाची यायची. पहिल्या दिवशी तिला भडभडून आलं. दहाव्या दिवशी ती हे करता करता कुकरच्या शिट्ट्या मोजत होती.

गौतमीच्या चारही खोल्या ओस पडल्या. मग एका दुपारी शुभांगीला कुंपणापलीकडे एक जोडपं दिसलं, आणि पदराने डोळे टिपणारी गौतमी. "दोगी संगंच गेल्या हो. माजी ईश्वरीबी."

पलीकडे स्वयंपाकघराच्या खिडकीत ईश्वरी चिंच चोखत उभी होती. पाहुणे जाईपर्यंत बाहेर यायचं नाही, असं तिला बजावलेलं असणार.

ते जोडपं खात्री करायला कुंपणाशी आलं. "खरं का हो, काकू?"

त्यांच्या पाठीमागे गौतमीने गुपचूप हात जोडले. शुभांगीला एक हाक मारायची होती फक्त. पोर धावत आली असती.

"व्हय," शुभांगी म्हणाली. "ईश्वरीबी गेली."

गौतमीने सुटकेचा श्वास सोडला. पण शुभांगी थांबली नाही. पाण्याची बादली उचलून ती कुंपणाच्या फटीतून पलीकडे गेली. गुडघ्यांवर बसली, मूठ भिजवली, आणि धरणाच्या बाजूने गौतमीच्या दाराकडे एकेक पाऊल उठवत निघाली. अंगण, पायरी, उंबरा. त्या चकचकीत फरशीवर पावलं फार सुरेख उठली.

"ताई, नगं! उंबऱ्यात नगं!" गौतमी किंचाळली.

"का? पावलं पाहिजेत ना तुला?" शुभांगी म्हणाली. "माज्या दारात चालत्यात, मग तुज्या का न्हाई?"

गौतमी फरशीवर पडून पदराने ती पावलं पुसू लागली. पुसतानाच "ईश्वरे, हितं ये, हितं ये गं," म्हणून ओरडत होती. आतल्या पोरीने बजावल्याप्रमाणे ओ दिली नाही.

जोडप्याने एकमेकांकडे पाहिलं. बाईचा आकांत खराच होता, त्यात शंका घ्यायला जागाच नव्हती. त्यांनी खोली घेतली.