बंबखान्याचे रंगवलेले दार

मी एक जुना बंबखाना आहे. मित्रांनो, आग विझवणाऱ्या गाडीला आमच्या वेळी बंब म्हणत, आणि तो उभा राहायचा ते घर म्हणजे मी. ओले पाइप वाळत घालायला माझ्या डोक्यावर एक उंच मनोरा आहे. तो गावात कुठूनही दिसतो. त्यामुळे मला तोंड लपवायलाही जागा नाही.

माझा एक नेम होता. रोज सकाळी सात वाजता माझी दोन्ही लाकडी दारे सताड उघडत. ड्रायव्हरकाका बंब चालू करून उंबऱ्यापर्यंत आणत आणि पुन्हा मागे घेत. समोरच्या गल्लीतल्या टाकेमावशी त्या आवाजावर चहाचे आधण ठेवत. त्या शिवणकाम करत. "कापड फाटेल, पण हिचा टाका उसवायचा नाही," असे शेजारीण म्हणे. त्यावरून हे नाव पडले.

एकदा मोठे साहेब पाहणीला येणार असे कळले. मुख्य जवानांना सगळे दादा म्हणत. त्यांनी माझ्या दारांना लाल तेलरंग द्यायला रंगारी बोलावला. जाताना रंगारी म्हणाला, "दादा, दोन दिवस दारं उघडी राहू द्या. नाहीतर चिकटून बसतील."

"म्हणजे ओल्या रंगावर बसलेली रस्त्यावरची धूळ साहेबांना दाखवू?" दादा म्हणाले.

"आणि सकाळी बंब?" ड्रायव्हरकाकांनी विचारले.

"एक दिवस हलला नाही तर काही मुंग्या येत नाहीत त्याला."

सगळे हसले. दारे लागली. खरे सांगतो, मीही खूश होतो. येणारेजाणारे थांबून म्हणत, "नवरदेव दिसतोय अगदी." मला आणखी काही नकोच होते.

दुसऱ्या दिवशी दुपारी टाकेमावशींच्या घरात इस्त्रीखालच्या कापडाने पेट घेतला. त्यांचे यजमान धावत आले. घंटा वाजली, जवान बंबावर चढले, आणि माझी दारे उघडेनात. खांदे लावले, लाथा घातल्या. रंग वाळून दोन्ही फळ्यांचे एकच लाकूड झाले होते. शेवटी फटीत पहार घालून ती उचकटावी लागली. त्यात पाव तास गेला.

तिकडे एक शेजारी शिलाई मशीन काढायला आत शिरत होता. मावशींनी त्याला ओढून धरले. "थांबा हो, उगाच जीव धोक्यात घालू नका. बंबखाना पन्नास पावलांवर आहे. आत्ता येतील."

बंब येईना. मग त्या स्वतःच आत शिरल्या. मशीन निघाले, पण उजवा हात भाजला. बोटे आखडली, ती कायमची.

साहेब ठरल्या दिवशी आले. "रंग झकास झालाय," म्हणाले. "मध्ये ही खोच कसली?" दादांनी मान खाली घातली. मला तेवढेही करता आले नाही. मनोरा आपला ताठ उभा.

पुढे गावाबाहेर नवे केंद्र झाले आणि बंब गेला. माझ्यात मोडकी बाके साठली, छपराला भोके पडली. चांगलेच झाले, असे मला वाटे.

मग छप्पर शाकारले आणि माझ्यात शिवणवर्ग सुरू झाला. शिकवायला आल्या टाकेमावशी. हात चालत नाही, म्हणून तोंडाने शिकवतात. "अगं, टाका घालतेस की कुंपण?" पहिल्या दिवशी त्यांनी आखडलेली बोटे पहारीच्या खोचेवरून फिरवली. आता ही बाई मला काय ते सुनावेल, म्हणून मी वाट पाहिली. त्या काहीच बोलल्या नाहीत. बोलल्या असत्या तर बरे झाले असते.

परवा थकलेले ड्रायव्हरकाका काठी टेकत आले. "मावशी, वर्ग बघायला पाहुणे येणार म्हणे. दारांना रंग देऊन घेऊ का?"

"घ्या की. पण दारं उघडी ठेवून. धूळ बसली तर डाव्या हातानं पुसेन मी."

मित्रांनो, रंग जरूर द्या. पण ज्या दारावर कोणाचा तरी भरवसा आहे, ते रोज एकदा उघडून पाहत जा. मावशी पाहतात. वर्ग दहाला असतो, तरी त्या सकाळी सात वाजता येतात, माझी दोन्ही दारे सताड उघडतात, आणि मग घरी जाऊन चहाचे आधण ठेवतात.