बंगल्याचा हौद

गोजरबाईची सून तुळसा भाद्रपदात गेली. सातवा महिना होता. दिवसाआड हुडहुडी भरायची, तीन वाकळा घातल्या तरी दात वाजायचे. तापाच्या पाचव्या पाळीला पोर पोटातच गेलं आणि दुसऱ्या दिवशी दुपारी तीही गेली. नवरा गिरणीत कामावर होता. निरोप पोचून तो येईस्तोवर सगळं संपलं होतं.

तिचं दिवसकार्य होऊन आठवडाही झाला नव्हता, तेवढ्यात गिरणीचा आरोग्य इन्स्पेक्टर पेंडसे चाळीत शिरला. बरोबर काठ्या घेतलेले दोन गडी. ज्या खोलीत पाण्याचा रांजण दिसेल तिथं काठी घालायची आणि पुढं व्हायचं. गोजरबाई कामावरून परतली तर उंबऱ्यातून पाणी वाहत होतं.

तिनं गड्याच्या हातातली काठी धरली. "कुनाला इचारून फोडला?"

"बाई, काठी सोड," पेंडसे म्हणाला. "सोलापूरभर हिवताप पसरलाय तो तुमच्या ह्या रांजणांमुळे."

"नळाला पानी तासभर. खोल्या चाळीस. साठवायचं न्हाय तर प्यायचं काय?"

 पेंडसेनं फुटक्या रांजणाच्या बुडातलं पाणी पांढऱ्या वाडग्यात घेतलं आणि तिच्यापुढं धरलं. पाण्यावर काडीच्या तुकड्यांसारखं काहीतरी आडवं पडलं होतं. त्यानं बोट लावताच ते वळवळत खाली गेलं.

"ही डासाची पोरं. डोकं खाली करून लोंबतात ती वेगळी. ही अशी आडवी पडतात ती हिवतापाची. आठ-दहा दिवसांत डास होऊन उडतात."

"ह्येच पानी मी तिला पाजत हुते."

"पिऊन नाही होत बाई. डास चावून होतो."

"पर हुते माज्याच घरात."

पेंडसेनं वाडगा उपडा केला आणि तो पुढच्या खोलीकडं गेला.

दोन दिवस गोजरबाईला अन्न गोड लागलं नाही. राग कुणाचा करावा तेच कळेना. स्वतःचा करून झाला. काठीवाल्याचा करून झाला. जो हे सगळं जाणत होता आणि तुळसा जिवंत असताना वाडगा दाखवायला आला नव्हता, त्या पेंडसेचा तर सगळ्यात जास्त. तिसऱ्या दिवशी नळावर बायांची रांग लागली तेव्हा ती कळशी खाली ठेवून बोलली.

"डास व्हायाला आठ दिस लागत्यात. आपुन सातव्या दिशी रांजण पालथा घालायचा. राखंनं घासायचा, उनात वाळवायचा, वर फडकं बांधायचं. निम्म्या खोल्यांनी बुधवारी, निम्म्यांनी ऐतवारी. ज्याचा रांजण पालथा, त्याला शेजारणीनं पानी द्यायचं."

शेजारच्या खोलीतली सुंदरम्मा अक्कलकोटकडची, लिंगायत. ती हळूच म्हणाली, "अक्का, आमच्यात दुसऱ्याच्या घरचं पाणी चालत नाही की."

"दुसऱ्याच्या घरचा ताप बरा चालतोय? माज्या रांजनातला डास तुज्या पोरीला चावला तवा जात इचारली व्हय त्यानं?"

बोलणं लागेल असंच होतं. सुंदरम्मा कळशी उचलून निघून गेली. पण बुधवारी सकाळी तिनं आपला रांजण दारात पालथा घातला आणि दुपारी रिकामी घागर घेऊन गोजरबाईच्या उंबऱ्याशी उभी राहिली. गोजरबाईनं घागर भरून दिली.

चार आठवड्यांत चाळीतल्या एकाही रांजणात वळवळ उरली नाही. कुणी आळस केला तर गोजरबाई आत शिरून स्वतः रांजण लवंडायची आणि शिव्या द्यायची त्या वेगळ्या. ताप कमी झाला. पण भिंतीकडच्या सहा खोल्यांत तो हटेना. एक उठलं की दुसरं पडायचं.

ती भिंत मॅनेजरच्या बंगल्याची. एका रविवारी गोजरबाई फाटकाशी गेली. माळी संगप्पा ओळखीचा, त्यानं आत घेतलं. बागेत चौथऱ्यावर गोल हौद होता, मधे बंद पडलेलं कारंजं. गोजरबाई काठावर वाकली. कमळाच्या पानांमधून, जिथं पाणी उघडं होतं तिथं, आडवी पडलेली पोरं. शेकड्यांनी.

"ह्यो कवा उपसता?"

"दिवाळीला," संगप्पा म्हणाला. "साहेबाला कमळं लई आवडतात."

ती तशीच पेंडसेच्या घरी गेली. तो ओसरीवर पान लावत बसला होता.

"हौद बघितलाय तुमी?"

"बघितलाय. दोनदा लिहून कळवलंय साहेबांना."

"आमाला न्हाय लिवून कळवलं."

"बाई, माझी नोकरी आहे."

"माजी सून हुती," ती म्हणाली. "आमच्या दारात काठी, आन तितं कागुद. मंग उद्यापास्नं आमच्या चाळीत पाय ठिऊ नका."

पुढच्या रविवारी भर दुपारी वीस-बावीस बाया घागरी घेऊन फाटकाशी गेल्या. संगप्पानं फाटक उघडलं आणि तो बाजूला झाला. हौदाच्या मोरीचं झाकण गंजून बसलं होतं, म्हणून घागरीनं उपसायला लागल्या. पाणी गुलाबांच्या वाफ्यात ओतत होत्या. तिसऱ्या खेपेला मॅनेजर व्हरांड्यात आला.

"कोणाच्या परवानगीनं?"

"परवानगी मागायला आलो तर फाटकातनं घ्येतलं नसतं, साहेब," गोजरबाई म्हणाली.

"तू सूत गुंडाळायच्या रहाट खात्यातली ना? उद्या गेटवर येऊ नकोस. आणि जी बाई आत्ता घागर उचलेल तिनंही येऊ नये."

बाया थांबल्या. प्रत्येकीच्या घरी चूल होती. कुणी कुणाकडं बघेना. मग सुंदरम्मा वाकली, घागर बुडवली आणि भरून वर काढली. तिच्यामागून दुसरी. मॅनेजर इंग्रजीत काहीबाही बोलत आत गेला. पाणी तळाला गेल्यावर त्यांनी कमळाचे गड्डे काढून काठावर नीट मांडून ठेवले, मोडले नाहीत, आणि निघाल्या.

सोमवारी गोजरबाईला गेटवर अडवलं. एकटीलाच. रहाट खात्यातल्या बाया आत गेल्या नाहीत, तिच्याभोवती मातीत बसून राहिल्या. मंगळवारीही तेच. बाहेर ऊन, आत काम अडून सुताच्या बॉबिनांचा ढीग. दुपारी कारकुनानं कागद आणला. झाली ती चूक, पुन्हा असं करणार नाही, असा मजकूर होता. त्यानं शाईची डबी उघडली.

"हौद पुन्ना भरनार न्हाय, आसं साहेबांनी आदी लिवावं," गोजरबाई म्हणाली. "मंग मी आंगठा लावते."

कारकून आत जाऊन आला. कागद खिशात घातला आणि म्हणाला, "चला, कामाला लागा."

पुढं मॅनेजरनं हौदात माती भरून घेतली, त्यात शेवंती लावली. डिसेंबरात मुंबईहून मालक आले तेव्हा मॅनेजरनं त्यांना ती दाखवली आणि कामगारांच्या आरोग्यासाठी आपण हौद कसा बुजवून टाकला ते सांगितलं. मालकांनी पाठ थोपटली. संगप्पानं हे चाळीत येऊन सांगितलं तेव्हा बाया हसल्या. गोजरबाई हसली नाही.  भिंतीकडच्या खोल्यांत त्या महिन्यात एकच जण तापानं पडला होता. हेच आषाढात झालं असतं तर, एवढाच विचार तिच्या डोक्यात फिरत होता, आणि तो कुणाला सांगून कमी होणारा नव्हता.

संक्रांतीनंतर पेंडसे आला. एकटाच, उंबऱ्याबाहेर उभा राहिला.

"स्टेशनाकडच्या चाळीत ताप आहे. तिथल्या बायका माझं ऐकत नाहीत. तुम्ही याल का?"

पहिल्यांदाच तो तिला तुम्ही म्हणाला होता. गोजरबाईनं हाताला लागलेलं पीठ झाडलं.

"यीन. पर आदी तितले बंगले दाकवायचे. गच्चीवरल्या टाक्या, बागंतलं हौद, समदं. साहेब लोकांची दारं तुमी वाजवायची, मी तुमच्या मागं उबी ऱ्हाईन. तितलं पानी उपसून झालं की मंग चाळीत जायचं."

 पेंडसेनं गळ्यातलं उपरणं दोनदा सारखं केलं.

"नोकरी हाय तुमची, ठावं हाय," ती म्हणाली. "माजी बी हाय."

"उद्या आठ वाजता," तो शेवटी म्हणाला.

"ऐतवारी. उद्या माजी गिरनीत पाळी हाय."

तो गेल्यावर तिनं सुंदरम्माला हाक मारली आणि रविवारी बरोबर कोण कोण येईल ते विचारायला दोघी पहिल्या खोलीपासून निघाल्या.