सव्वा तासात न संपलेलं भांडण

बिडकीनच्या सरूबाई थोरल्या बहिणीशी अकरा वर्षं बोलल्या नव्हत्या. ही थोरली, साळूबाई, हैदराबादेत राहायची. वडिलांच्या वर्षश्राद्धाला भरल्या पंगतीत ती म्हणाली होती, "सरूची पोळी खाऊन भटजीचा दात हालला." तेव्हापासून सरूबाईंना हैदराबाद लांब पडायला लागलं.

मग साळूबाई न्हाणीत घसरली. खुब्याचं हाड मोडलं, ऑपरेशन झालं. सरूबाईंच्या लेकानं, बन्सीनं, आईला न विचारताच विमानाचं तिकीट काढलं. "रेल्वेला बारा तास लागतेत. सव्वा तासात पोचशील."

"एवढ्यात?" सरूबाईंचं तोंड उतरलं. रेल्वेत कसं, परभणीपर्यंत मनातल्या मनात शिव्या घालता येतात, नांदेडपासून हळूहळू मन वळवता येतं.

चिकलठाण्याच्या विमानतळावरून विमान उठलं. सरूबाईंनी वेरूळच्या घृष्णेश्वराला हात जोडले. देव आता आपल्या पायाखाली आहे हे ध्यानात आल्यावर जरा ओशाळल्या. शेजारी शहागंजच्या हसीनाबी होत्या, लेकीच्या बाळंतपणाला निघालेल्या. त्यांना सरूबाईंनी साळूबाईची कहाणी सांगायला घेतली, पार लहानपणच्या रिबिनींच्या चोरीपासून. श्राद्धाची पंगत बसते न बसते, तोच विमान उतरायला लागलं.

"थांबवा म्हणावं जरा," सरूबाई म्हणाल्या. "खरी गोष्ट तर आता आली."

"बाई, बाकीचा गुस्सा बहिणीलाच सांगा," हसीनाबी ओढणी सावरत म्हणाल्या. "माझी लेक वाट बघतीय."

त्यामुळं सरूबाई बहिणीच्या दारात पोचल्या त्या निम्मा राग शिल्लक ठेवूनच. साळूबाई पलंगावर पडून होती, वाळून काडी झालेली.

"आलीस? मला वाटलं मी मेल्यावरच येशील."

"ठरवलं तसंच होतं. बन्सीनं घाई केली."

"विमानात खायला काय दिलं?"

"काय नाय. तुझ्या घरच्यावानीच."

साळूबाईचा मुलगा चप्पल घालून गुपचूप बाहेर सटकला. दोघी दुपारपर्यंत भांडल्या. साळूबाई हाडानं मोडली होती, जिभेनं नाही. "दात हालला म्हंजे हालला. मी डोळ्यानं पाहिला." मग ती मध्येच भिंतीकडं बघत म्हणाली, "सरू, दवाखान्यातनं आल्यापासनं अंगाला पाणी नाय. सुनंला सांगायची लाज वाटती."

सरूबाईंनी पदर खोचला. न्हाणीत खुर्ची ठेवली, बहिणीला काखेत धरून एकेक पाऊल टाकत नेलं. जखमेवर प्लास्टिक गुंडाळलं. केसांना शिकेकाई चोळली, ती मात्र जरा जोरातच.

"पाणी लई कढत हाय," साळूबाई कुरकुरली.

"गप बस." सरूबाईंनी बादलीत गार पाणी ओतलं. पाठ चोळताना मणका न् मणका हाताला लागत होता. त्यांनी हात हलका केला आणि सावकाश चोळत राहिल्या.